बिडाची पारख : लक्ष्मणराव किर्लोस्कर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्राच्या भूमीत अनेक कर्तबगार पुरुष जन्मास आले. कोणी ग्रंथ लिहिले, कोणी वृत्तपत्रे चालविली, कोणी शाळा काढल्या, तर कोणी देशासाठी कारावास पत्करला. त्यांची चरित्रे आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो व त्यांच्या पुण्यतिथ्या साजऱ्या करतो. परंतु ज्या पुरुषाने आपले अवघे आयुष्य मातीच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतण्यात वेचले, आणि त्या लोखंडाच्या गुणदोषांची पारख करता करता एका प्रांताचे औद्योगिक जीवन घडविले, त्याचा परिचय विद्यार्थ्यांना क्वचितच होतो. शेतातील विहिरीवर बसविलेल्या पंपावर वा इंजिनावर त्याचे नाव आपण ठळक अक्षरांत पाहतो. पण ते नाव एका हाडामांसाच्या माणसाचे आहे, ही गोष्ट आपल्या ध्यानी येत नाही. तो पुरुष म्हणजे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर होय.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या खेड्यात झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचाही जन्म याच गावचा. एकाच लहानशा गावाने मराठी भाषिकांना ‘संगीत सौभद्र’ नाटकाचा कर्ता दिला आणि लोखंडी नांगराचा कर्ताही दिला, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे जुन्या वळणाचे गृहस्थ होते. मुलाने पुस्तकी विद्या शिकावी व चार लोकांसारखी नोकरी धरावी, अशीच त्या काळी कोणत्याही घरची अपेक्षा असे. पण या मुलाचे मन पाठांतरात रमेना. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती. एक चित्रे काढण्याची, आणि दुसरी हाताने वस्तू घडविण्याची.

थोरले बंधू रामुअण्णा यांनी धाकट्या भावाचा हा कल ओळखला आणि त्यांच्या आधारावर लक्ष्मणराव १८८५ साली मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. आपण चित्रकार होणार, या स्वप्नात ते रंगले होते. तोच एक निराळाच प्रसंग ओढवला. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट दिसत नाही, असे आढळून आले. चित्रकाराच्या दृष्टीने याहून मोठी आपत्ती ती कोणती? एखादा तरुण अशा वेळी दैवाला बोल लावीत गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र शांतपणे विचार केला. रंग आपल्याला साथ देत नसेल, पण रेषा तर देते! यंत्रांचे आराखडे रेषांनीच काढावयाचे असतात. तेथे तांबड्या-हिरव्याची अडचण येत नाही. त्यांनी कुंचला खाली ठेवला आणि पट्टी व कंपास हाती घेतला. पुढील आयुष्यातही आपल्यात काय उणे आहे ते निमूटपणे मान्य करावयाचे, आणि काय शिल्लक आहे त्यावर उभे राहावयाचे, हाच त्यांचा बाणा राहिला.

यंत्ररेखनात त्यांनी इतके प्रावीण्य मिळविले की, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत त्या विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. शिकविण्याचे तास संपले की ते संस्थेच्या कर्मशाळेत जाऊन बसत. यंत्रे खोलून पाहावीत, पुन्हा जोडावीत, बिघडलेली दुरुस्त करावीत, हाच त्यांचा विरंगुळा. अमेरिकेतून येणारी यंत्रविषयक नियतकालिके ते नेमाने वाचीत. मुंबईच्या रस्त्यावर दोन चाकांवर डौलाने जाणारा स्वार त्यांनी पाहिला, तेव्हा सायकल या वाहनाचे त्यांना कुतूहल वाटले; व्यापाराची संधीही दिसली. मुंबईहून सायकली पाठवाव्यात, बेळगावास रामुअण्णांनी त्या विकाव्यात आणि घेणाऱ्यांस चालविण्यासही शिकवावे, असा क्रम सुरू झाला. १८८८ साली बेळगावास ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव प्रथम उभे राहिले ते सायकलीच्या या दुकानावर.

संस्थेत त्यांचे काम चोख होते. तथापि बढतीचा प्रसंग आला तेव्हा ती त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास देण्यात आली. परक्या अमलाखाली असे अन्याय नित्याचेच होते. पुष्कळांनी ते गिळले व पेन्शन पदरात पाडून घेतले. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. घरी मुलेमाणसे, हाती भांडवल बेताचे, आणि पुढील वाट अंधारी. अशा स्थितीत पक्की नोकरी सोडणे हे आजही सोपे नाही. त्या काळी तर ते वेडेपणाचेच लक्षण मानले जाई. बेळगावास परतून त्यांनी एक लहानसा कारखाना थाटला आणि गुरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र तयार करण्यास आरंभ केला.

या यंत्रामुळे त्यांचा शेतकऱ्यांशी संबंध आला आणि त्यांचे लक्ष आपोआप नांगराकडे वळले. आपला पिढीजात नांगर लाकडी. सुताराने बाभळीच्या लाकडाचा घडवावयाचा आणि लोहाराने त्याला टोकाशी लोखंडाची पट्टी बसवून द्यावयाची. असा नांगर जमीन खरवडतो, उलथत नाही. काळ्या जमिनीत खोलवर गेलेल्या हरळीच्या व कुंद्याच्या मुळ्यांपर्यंत तो पोचत नाही. विलायतेहून येणारे लोखंडी नांगर मात्र माती खोल कापून उलटी करीत, तण उपटून काढीत आणि खालचा थर उन्हावाऱ्यासाठी मोकळा करीत. असा नांगर आपल्या देशात, आपल्या कारागिरांच्या हातून का होऊ नये, हा प्रश्न लक्ष्मणरावांनी मनाशी धरला. १९०३ च्या सुमारास त्यांचे पहिले लोखंडी नांगर तयार झाले.

नांगर तयार झाले, पण घेणार कोण? लोखंडाच्या स्पर्शाने काळी आई विषारी होते, पीक जळते, अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. वंशपरंपरागत जमीन हेच ज्याचे सर्वस्व, त्याने परीक्षा न झालेली वस्तू तिच्यात घालावयास कचरावे, यात नवल नाही. एखादे पीक बुडाले तर त्याच्या घरी चूल पेटावयाची नाही. कारखानदाराचे काय जाणार? लक्ष्मणरावांनी या अज्ञानाला हसून उत्तर दिले नाही की शेतकऱ्यांना दूषणे दिली नाहीत. ते गावोगाव गेले, नांगर शेतात चालवून दाखविला, शंका ऐकून घेतल्या. पहिले गिऱ्हाईक मिळावयास दोन वर्षे लागली. विद्यार्थी मित्रहो, दोन वर्षे म्हणजे सातशेहून अधिक दिवस! रोज सकाळी उठून न विकलेल्या नांगरांकडे पाहावयाचे आणि पुन्हा कामास लागावयाचे, ही कसोटी कोणत्याही परीक्षेपेक्षा कठीण होती.

परंतु खरी कसोटी तर पुढेच होती. नांगर विकले जाऊ लागले, तशा तक्रारीही येऊ लागल्या. देशी नांगराचा फाळ विलायती फाळाइतका टणक नाही, तो लवकर झिजतो, असे वापरणारे सांगू लागले. हा स्वदेशीच्या चळवळीचा काळ होता. माल आपल्या देशाचा आहे, एवढे एकच कारण सांगून तो खपविणे त्या दिवसांत अशक्य नव्हते. देशभक्तीची ढाल पुढे केली असती, तर पुष्कळांनी झिजलेला फाळही गोड मानून घेतला असता. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. आपला फाळ आणि परक्याचा फाळ यांची तुलना करावयाची, आणि तीत आपण कोठे कमी पडलो ते शोधून काढावयाचे, असा मार्ग त्यांनी धरला. त्यांच्या यशाचे बीज मला याच निर्णयात दिसते.

दोन फाळ दिसावयास सारखे असतात, मग एक झिजतो आणि दुसरा टिकतो, याचे कारण काय? ते समजण्यासाठी ओतकामाची थोडी माहिती करून घेतली पाहिजे. ओतीव लोखंडाला आपण बीड म्हणतो. त्यात साधारणपणे शेकडा अडीच ते चार भाग कार्बन असतो. शुद्ध लोखंड वितळावयास सुमारे १५३८ अंश सेल्सियस उष्णता लागते. कार्बनमुळे बीड सुमारे १२०० अंशांच्या आतच पातळ होते आणि वाळूच्या साच्यात पाण्यासारखे धावते. हा रस सावकाश निवू दिला तर त्यातील कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्यांच्या रूपाने वेगळा होतो. मोडून पाहिल्यास त्याचा रंग करडा दिसतो. त्यावर कानस चालते, भोक पाडता येते. हे करडे बीड. तोच रस एकाएकी निवविला तर कार्बन लोखंडाशी संयुक्त अवस्थेतच गोठतो. मोडलेला भाग पांढरा व चमकदार दिसतो. तो इतका कठीण असतो की कानस त्यावरून घसरून जाते. हे पांढरे बीड. ते झिजत नाही, पण ठोकर बसल्यास काचेसारखे फुटते. म्हणजे फाळ करडा केला तर झिजतो आणि सर्वस्वी पांढरा केला तर दगडावर आपटून तुटतो!

या पेचातून इंग्लंडमधील रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ साली वाट काढली होती. साच्याचा खालचा भाग लोखंडाचा आणि वरचा वाळूचा असेल, तर फाळाची खालची बाजू लोखंडाला टेकून चटकन निवते व कठीण होते. वरची बाजू वाळूत सावकाश निवते व मऊ राहते. शेतात चालताना वरची बाजू अधिक झिजते, त्यामुळे खालची धार सदैव तीक्ष्ण राहते. मातीत झिजता झिजता आपोआप धार लावून घेणारा फाळ तो हाच. अमेरिकेत जेम्स ऑलिव्हर याने शीघ्र निवविलेल्या बिडाचे नांगर याच तत्त्वावर पुढे नेले. वस्तूचे मर्म आकारात नव्हते. रसाची मिसळण काय, आणि तो कोठे किती वेगाने निवला, यावर सारे अवलंबून होते. वरवर नक्कल करणाराला हे कधीच दिसले नसते.

असे दोन ओतीव नग ताडून पाहण्यासाठी फार मोठी साधने लागतात असे नाही. तराजू वजन सांगतो. हातोडीचा हलका ठोका दिला की आवाजावरून आतील तडा ओळखता येतो. निर्दोष नग खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. कानस पृष्ठभागाचा कठीणपणा सांगते. एखादा नग मुद्दाम फोडला की त्याची कणी डोळ्यांसमोर येते. आणि अखेरची परीक्षा शेत घेते. कारण फाळाला मातीत जे सोसावे लागते, ते कर्मशाळेत पुरतेपणी उभे करता येत नाही. अशा मार्गाने बेळगावच्या त्या लहान कारखान्यात मिसळण बदलून, निवण्याची रीत बदलून पुनःपुन्हा प्रयत्न झाले आणि देशी फाळ सुधारत गेला. ज्या शेतकऱ्याने तक्रार केली, तोच खरा शिक्षक ठरला.

धंदा मूळ धरू लागला तोच बेळगावात नवे संकट आले. कारखान्याची जागा नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी हवी होती. ती सोडणे भाग पडले. यंत्रे कोठे न्यावीत, कामगारांनी कोठे जावे? अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. औंध येथे सभागृह बांधण्याचे काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपविले होते. त्या निमित्ताने त्यांनी या माणसाचे पाणी जोखले होते. बाळासाहेब स्वतः उत्तम चित्रकार होते. चित्रकलेला मुकलेला कारागीर आणि चित्रकार राजा यांची अशी गाठ पडली. कुंडल रोड या आडबाजूच्या रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर माळजमीन आणि बिनव्याजी १०,००० रुपये कर्ज औंधकरांनी दिले, आणि १९१० साली तेथे नव्या वसाहतीचा पाया घातला गेला. हीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. पुढे रेल्वे स्थानकालाही तेच नाव मिळाले.

तो माळ म्हणजे निवडुंगाचे रान. पाण्याचे दुर्भिक्ष आणि सापांचा सुळसुळाट. तेथे लक्ष्मणरावांसह जी मंडळी राहावयास गेली, त्यांच्यातही त्यांची पारख दिसून येते. शंभोराव जांभेकर यंत्रांचे काम पाहत, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळीत, के. के. कुलकर्णी पडेल ते काम अंगावर घेत. अनंतराव फळणीकर शाळेत यशस्वी झाले नव्हते, पण त्यांची कल्पकता लक्ष्मणरावांच्या नजरेने टिपली. वसाहतीच्या रखवालीसाठी तर त्यांनी एके काळी दरोडेखोर म्हणून गाजलेल्या माणसांवर विश्वास टाकला आणि तो विश्वास वाया गेला नाही. परीक्षेतील गुण वा मागील आयुष्यातील डाग यांवरून त्यांनी माणसाचे मोल ठरविले नाही. वसाहतीत शिवाशिवीलाही त्यांनी थारा दिला नाही. रामुअण्णांनी घरे, रस्ते व झाडे यांची व्यवस्था पाहिली, आणि उजाड माळावर पाहता पाहता एक टुमदार गाव उभे राहिले.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. परदेशांतून येणारे नांगर थांबले, त्यामुळे किर्लोस्करांच्या नांगरांना मागणी वाढली. पण त्याच वेळी कच्चे लोखंडही मिळेनासे झाले. भट्टी पेटावी कशी आणि पेटली तरी तीत टाकावे काय? या अडचणीत कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज साहाय्यास आले. संस्थानातील जुन्या, निकामी तोफा त्यांनी नांगरांसाठी दिल्या. एके काळी ज्या तोफांनी आग ओकली, त्या वितळून त्यांचे फाळ झाले आणि ते शेतकऱ्यांच्या जमिनीत चालू लागले. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात याहून सुंदर प्रसंग शोधून सापडणे कठीण.

युद्ध संपले आणि परदेशी माल पुन्हा बाजारात येऊ लागला. टंचाईच्या दिवसांत कसलाही माल खपतो. सुबत्तेच्या दिवसांत मात्र ग्राहक दोन वस्तू शेजारी ठेवून निवड करतो. ही तुलना किर्लोस्करांनी आधीच स्वतःच्या घरात करून ठेवली होती. १९२० साली त्यांच्या व्यवसायाला मर्यादित कंपनीचे रूप मिळाले. त्याच वर्षी कारखान्याची वार्ता सांगणारे ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली निघाले. ‘किर्लोस्कर’ या नावाने पुढे ते मराठी घराघरांत पोचले, आणि १९३० साली त्याच्या जोडीस ‘स्त्री’ मासिक आले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत शिकून १९२६ साली पदवी घेऊन परतले. उसाचे चरक, पाण्याचे पंप, पुढे इंजिने अशी वस्तूंची माळ वाढत गेली. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि नांगराच्या फाळापासून निघालेली वाट डिझेल इंजिनापर्यंत येऊन पोचली.

फाळ आणि इंजिन यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. दोहोंच्या मुळाशी तेच ओतकाम आहे. मात्र इंजिनात ते फार अवघड होते. इंजिनाच्या सिलिंडरवर जे जाड झाकण असते, त्याला सिलिंडर हेड म्हणतात. ज्वलनाचा धक्का त्यालाच सोसावा लागतो. त्याच्याच पोटात हवा येण्याची व धूर जाण्याची वाट असते, झडपांच्या बैठका असतात, आणि या सर्वांभोवती थंड पाणी खेळविणाऱ्या नागमोडी पोकळ्या असतात. या पोकळ्यांसाठी साच्यात वाळूचे गाभे बसवून त्यांच्याभोवती रस ओततात व नंतर वाळू झटकून काढतात. गाभा किंचित सरकला की एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ होते. बाहेरून मात्र काहीच कळत नाही! फाळाचे मर्म जसे आत दडलेले, तसेच हेडचेही.

यावर आणखी एक भार पडतो तो टर्बोचार्जरचा. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोराने एक लहान चक्र फिरवावयाचे आणि त्याला जोडलेल्या दुसऱ्या चक्राने सिलिंडरात अधिक हवा दाबून भरावयाची, ही कल्पना स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली पेटंट घेऊन मांडली. बेळगावात लोखंडी नांगराची धडपड चालू होती, तेच हे दिवस. अधिक हवा आली की अधिक इंधन जळते आणि तेवढ्याच आकाराचे इंजिन अधिक शक्ती देते. पण त्याबरोबर दाब आणि उष्णताही वाढतात. दोन झडपांमधील अरुंद पट्टी प्रथम तडकते, हेडखालची गॅस्केट फुटते, पाणी व तेल एकमेकांत मिसळतात.

एखाद्या वाहनातील जुने इंजिन काढून त्या जागी टर्बोचार्जरचे इंजिन बसवावयाचे असेल, तर जाणता मेकॅनिक म्हणूनच नुसत्या चकचकीत रूपावर जात नाही. दोन हेड शेजारी ठेवून तो ओतकामात उमटलेला क्रमांक वाचतो. कारण सारख्या दिसणाऱ्या हेडमध्ये आतील रचना निराळी असू शकते. ज्वलनाची पोकळी किती मोठी आहे, पाण्याच्या वाटा झडपांच्या किती जवळून जातात, बोल्टांची भोके जुळतात की नाही, तळ सपाट आहे की वाकला आहे, हे तो मोजून पाहतो. हेड बिडाचे की ॲल्युमिनियमचे, हाही विचार असतो. ॲल्युमिनियम वजनाने बिडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक भरते आणि उष्णता फार लवकर बाहेर टाकते, म्हणून मोटारींत त्याचा प्रसार झाला. बीड जड खरे, पण तापल्यावरही ताठ राहते. म्हणून मोठ्या डिझेल इंजिनांत त्याची जागा टिकून आहे. कोणता धातू श्रेष्ठ, असा प्रश्न विचारून भागत नाही. कोणत्या कामासाठी, कोणत्या भारासाठी, असे विचारावे लागते. फाळाच्या बाबतीत लक्ष्मणरावांनी हाच प्रश्न विचारला होता.

त्यांच्या उतारवयात एक घोर आघात झाला. १९४८ च्या आरंभी महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. निवडुंगाच्या माळावर चाळीस वर्षे खपून जे उभारले, त्यातील पुष्कळ भाग आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. वाडी उठून गेली नाही; कारखाना पुन्हा उभा राहिला, आणि आजही तेथे पंप तयार होतात. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीस भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. किर्लोस्कर समूहाच्या कोप्पळ व सोलापूर येथील ओतशाळांत इंजिनांचे ठोकळे आणि सिलिंडर हेड आज ओतले जातात. बेळगावच्या लहानशा कारखान्यातील फाळाचा वंश असा विस्तारला आहे.

लक्ष्मणराव गेले, तेव्हा दादरा व नगर हवेलीचा हा मुलूख पोर्तुगीज सत्तेतून मुक्त होऊन अवघी दोन वर्षे झाली होती. सिल्वासाच्या आसपास तेव्हा भातखाचरे आणि जंगल यांवाचून फारसे काही नव्हते. वारली, कोकणा, धोडिया शेतकऱ्यांच्या हाती लाकडी नांगरच होता. १९६५ साली पिपरिया येथे सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत निघाली, आणि त्यानंतर या मुलखाचे रूप पालटले. आज आपल्या शाळेतील कित्येक मुलांचे पालक कारखान्यांतच काम करतात. सायंकाळी पाळी संपवून घरी येणाऱ्या वडिलांच्या वा आईच्या हातांकडे पाहिले, तर लक्ष्मणरावांचे चरित्र कोणत्या मातीत घडले ते मुलांना निराळे सांगावे लागणार नाही.

या मुलांपैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी गॅरेज काढील, कोणी शेतीच करील. ज्याच्या त्याच्या हाती काही ना काही वस्तू घडावयाची आहे. ती वस्तू दुसऱ्याच्या चांगल्या वस्तूशेजारी ठेवण्याचा प्रसंग कधी तरी येतोच. त्या वेळी मन कचरते. दोष दिसेल, हसे होईल, अशी भीती वाटते. मग आपण दुसऱ्याच्या वस्तूला नावे ठेवतो, किंवा आपलीच म्हणून तिला पोटाशी धरतो. लक्ष्मणरावांनी यांपैकी काहीच केले नाही. झिजलेला फाळ त्यांनी हाती घेतला, चांगल्या फाळाशी ताडून पाहिला, आणि भट्टी पुन्हा पेटविली. स्वदेशीवर खरे प्रेम करणाऱ्याने काय करावे, याचा याहून स्वच्छ धडा मला तरी ठाऊक नाही.